कात्रण आणि ऋण : स्थलांतरित चित्रकाराच्या नैतिकतेचा प्रश्न

जो कलावंत आपली भूमी सोडून जातो त्याच्यावर त्या भूमीचे काही ऋण उरते काय, आणि उरत असेल तर ते त्याने कोणत्या चलनात फेडावयाचे? हा प्रश्न मराठी समीक्षेने उघडपणे क्वचितच विचारला आहे. मात्र त्याचे उत्तर गृहीत धरून तिने पुष्कळ निवाडे दिले आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या लेखकाच्या कृतीत गावाकडची माती दिसली की तो मुळांशी इमान राखणारा ठरतो, न दिसली की तुटलेला ठरतो. असा निवाडा देताना इमान आणि विषय यांची अदलाबदल झालेली असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. साहित्याच्या बाबतीत ही गफलत थोडीफार झाकली जाते, कारण न्यूयॉर्कमध्ये बसून मराठीत लिहिणारा लेखक निदान भाषेपुरता तरी घरीच असतो. चित्रकाराला हा आडोसा नाही. रंग, कागद, वाळू आणि तार यांना मातृभाषा नसते. म्हणूनच ऋणाच्या प्रश्नाची खरी कसोटी चित्रकाराच्या उदाहरणावर लागते.

असे एक उदाहरण मोहन सामंत यांचे आहे. मुंबईच्या गोरेगावात १९२४ साली जन्मलेल्या सामंतांनी सर ज. जी. कलाशाळेतून १९५२ मध्ये पदविका घेतली. शंकर पळशीकरांसारखे शिक्षक त्यांना लाभले. त्याच सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या उत्तरपर्वात सामील झाले. १९५६ मध्ये ललित कला अकादमीचा पुरस्कार, १९५७-५८ मध्ये इटालियन शासनाच्या शिष्यवृत्तीवर रोममधील वास्तव्य, १९५९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती आणि न्यूयॉर्क, मधली काही वर्षे पुन्हा मुंबई, आणि १९६८ पासून कायमचे न्यूयॉर्क. तेथेच २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ते सारंगी वाजवीत राहिले. त्यांचे ‘ग्रीन स्क्वेअर’ हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेले. परंतु भारतीय आधुनिक चित्रकलेचा जो इतिहास पदव्युत्तर वर्गांत सांगितला जातो त्यात त्यांचे नाव बहुधा एखाद्या यादीत येते आणि पुढच्या वाक्यात विसरले जाते.

या विस्मरणामागे काही व्यावहारिक कारणे आहेतच. बाजार, संग्राहक, दिल्ली-मुंबईच्या दालनांशी नित्याचा संबंध या गोष्टी इतिहासात स्थान मिळण्यासाठी उपयोगी पडतात, आणि दूर राहणाऱ्याला त्या मिळत नाहीत. पण कारणे सांगितल्याने न्याय झाला असे होत नाही. विस्मरणाला एक नैतिक समर्थनही पुरविले जाते: जो गेला तो आपला राहिला नाही. या समर्थनाची तपासणी करणे आवश्यक आहे.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ मधील ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिका सांगून सौंदर्याची संकल्पना मुळातच द्विध्रुवात्मक आहे असे प्रतिपादन केले. अलौकिकतावादी ध्रुवावर उभे राहिले तर प्रस्तुत प्रश्न उद्‌भवतच नाही. मर्ढेकरांच्या लयतत्त्वांना, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल यांना, चित्रकाराच्या पारपत्राशी काही कर्तव्य नाही. वाळूच्या खरखरीत पृष्ठाला कापलेल्या कागदाची धार छेद देते की नाही एवढेच पाहावयाचे. लौकिकतावादी ध्रुवावर मात्र कलावंत कोणाच्या जीवनातून अनुभव घेतो आणि कोणाला तो परत देतो हा प्रश्न टाळता येत नाही. १९८० च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या विचाराने हा दुसरा ध्रुव आपल्याकडे बळकट केला. त्या विचाराचे बळ मोठे आहे: वासाहतिक अनुकरणाला ‘विश्वात्मक’ म्हणण्याची सोय त्याने काढून घेतली. परंतु त्याच्या अनुयायांनी त्यातून जो सुलभ निकष काढला तो भूमीवर राहण्याचा निकष होता, आणि तो कलाकृतीला लावण्याआधी कलावंताच्या पत्त्याला लावला गेला.

दुसऱ्या बाजूने पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेल्या सिद्धान्तनाने नेमका उलटा निवाडा दिला. सलमान रश्दी यांचा कल्पित मायभूमींवरील निबंध १९८२ चा. मुंबईतच जन्मलेल्या होमी भाभा यांचे ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ १९९४ चे. या दशकभरात स्थलांतरित हा संशयित न राहता नायक झाला. त्याचे तुटलेपण हीच त्याची दृष्टी, त्याचा संकर हेच त्याचे सामर्थ्य, आणि त्याच्या जीवनाचा स्वाभाविक आकार म्हणजे कोलाज, असे समीकरण रूढ झाले. मराठीत कोलाजला ‘चिक्कणितचित्र’ असा एक जड पारिभाषिक शब्द सुचविला गेला होता. तो रुळला नाही याचे फारसे वाईट वाटण्याचे कारण नाही. पण त्या शब्दात निदान गोंदाची आठवण होती. रूपक झालेल्या ‘कोलाज’ मधून गोंदही गेला आणि कात्रीही गेली.

हे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते ते पाहावे. पाब्लो पिकासोने १९१२ मध्ये खुर्चीच्या वेताच्या विणीचे छापील चित्र असलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटविले. पिकासो पॅरिसमध्ये परका होता. पुढे १९४० मध्ये त्याने मागितलेले फ्रेंच नागरिकत्व त्याला नाकारले गेले. समीकरणाला हे उदाहरण सोयीचे आहे. परंतु त्याच वर्षी चित्रात भिंतीच्या कागदाचे तुकडे चिकटवू लागलेला जॉर्ज ब्राक हा फ्रेंच होता आणि फ्रान्समध्येच राहत होता. तेव्हा कोलाज हे स्थलांतराचे अपत्य आहे असे म्हणता येत नाही. कुर्ट श्विटर्सचे उदाहरण अधिक बोलके आहे. हानोव्हरमध्ये, आपल्याच गावात राहत असताना, त्याने ट्रामची तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्रांचे कपटे यांपासून आपली कोलाजे केली आणि एका बँकेच्या जाहिरातीतून कापून घेतलेले ‘मेर्त्स’ हे अक्षरखंड आपल्या सर्व कलेला नाव म्हणून दिले. १९३७ मध्ये नाझी राजवटीमुळे तो नॉर्वेला गेला, १९४० मध्ये तेथूनही निसटून ब्रिटनमध्ये आला, ‘शत्रुदेशीय’ म्हणून स्थानबद्ध झाला आणि १९४८ मध्ये इंग्लंडमध्येच वारला. निर्वासित झाल्यावर त्याच्या चित्रांत इंग्रजी वेष्टने आली. पद्धती मात्र तो घरूनच घेऊन निघाला होता. स्थलांतराने त्याला कोलाज दिले नाही. कापण्यासाठी वेगळा कागद तेवढा दिला.

यावरून एक भेद स्पष्ट होतो, आणि नैतिक प्रश्नाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. कोलाजमध्ये कापणारा हात कलावंताचा असतो. स्थलांतरात तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा असतो. ज्याचे जीवन परिस्थितीने कापले त्याला ‘तुझे जीवन कोलाज आहे’ असे सांगणे म्हणजे जखमेला शैली म्हणणे होय. ज्याने स्वेच्छेने देश सोडला त्याच्या बाबतीत हे रूपक क्षम्य असेल. पण तेथेही ते कलावंताची जबाबदारी पुसून टाकते, कारण जीवनच कोलाज असेल तर काय कापले आणि काय फेकले याचा जाब कोणाला विचारावयाचा?

सामंतांच्या कामाकडे पाहताना हा जाब विचारता येतो. वस्तुतः त्यांच्या कामाला कोलाज म्हणतानाही थोडे थांबावे लागते. पिकासो किंवा श्विटर्स यांच्याप्रमाणे सापडलेला छापील कागद हे त्यांचे मुख्य साधन नव्हे. ते आकृती कागदातून कापतात, थरांवर थर ठेवतात, पृष्ठावर वाळू आणि रंग यांचा जाड लेप देतात. पुढच्या काळात तारेने रेखाटन करतात आणि ती तार चित्रपृष्ठावर उचलून धरतात. रेषा येथे काढलेली नसून बसविलेली असते. तिला स्वतःची सावली असते. या चित्रांत बसोली शैलीच्या लघुचित्रांचे संस्कार आहेत, प्राचीन इजिप्तच्या भित्तिचित्रांची आणि चित्रलिपीची आठवण आहे, प्रागैतिहासिक गुहाचित्रांचे प्राणी आहेत. आपल्या पहिल्या काळातच त्यांनी लघुचित्रांचा अभ्यास केला होता, तेव्हा हा सगळा मेळ न्यूयॉर्कने घडविला असेही म्हणता येत नाही.

आता प्रश्न असा की गोरेगावच्या मराठी चित्रकाराला इजिप्तच्या थडग्यांतील आकृती घेण्याचा अधिकार कोणी दिला? देशीयतेचा कैवारी म्हणेल, ही उसनवारी आहे. संकराचा कैवारी म्हणेल, सर्व काही सर्वांचे आहे. दोन्ही उत्तरे ऋणाची कल्पना अपुरी समजतात. धर्मशास्त्रातील ऋणाची कल्पना येथे उपयोगी पडते, अर्थात तिचा विधी बाजूला ठेवून. हे ऋण कराराने होत नाही. मनुष्य ते घेऊन जन्मतो. त्याच्या फेडीचे प्रकारही ठरलेले आहेत: पितृऋण संततीने, देवऋण यज्ञाने, ऋषिऋण अध्ययनाने. पूर्वजांची स्तुती केल्याने किंवा त्यांचे चित्र भिंतीवर लावल्याने पितृऋण फिटत नाही. परंपरा पुढे चालविल्याने फिटते. ऋषिऋण तर वंशावर अवलंबूनच नाही. ज्याचे ज्ञान घेतले त्याचे ऋण झाले. तो ऋषी कोणत्या देशाचा हा प्रश्न तेथे गौण आहे.

हे मान्य केले तर पुढची पायरी टाळता येत नाही. कात्री जेथे जेथे जाते तेथे तेथे ऋण निर्माण होते. भूमी सोडल्याने कलावंत ऋणमुक्त होत नाही, हे देशीयतेचे म्हणणे खरे आहे; पण त्याचे ऋणको-धनकोचे नाते एका भूमीपुरते उरत नाही, हे तिच्या हिशेबात येत नाही. स्थलांतरित चित्रकाराचे धनको वाढतात. संकराचा सिद्धान्त या वाढीचा उत्सव करतो आणि खातेवही फाडून टाकतो.

मग फेड कशी व्हावी? घेतलेली गोष्ट अध्ययनाने घेतली आहे की नुसती अलंकारासाठी, हे कलाकृतीच्या पृष्ठावर दिसते. अलंकारासाठी घेतलेली आकृती आपली कड लपविते. ती नव्या संदर्भात इतकी गुळगुळीत मिसळते की तिचे मूळ शोधावे लागते. सामंतांच्या कापलेल्या आकृतीची कड झाकलेली नसते. ती पृष्ठावर उचललेली असते, तिच्याखालचा थर दिसतो, ती कोठून तरी आणली आहे हे पाहणाऱ्याला कळते. हा दुवा लपविण्याला नकार आहे, आणि त्यात नैतिक प्रामाणिकपणा आहे.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. कड दाखविणे म्हणजे ऋण मान्य करणे. मान्य करणे म्हणजे फेडणे नव्हे. वासाहतिक संग्रहालयेही प्रत्येक लुटलेल्या मूर्तीखाली तिचे मूळ स्थान नेमकेपणाने नोंदवून ठेवतात. या आक्षेपाला एवढे उत्तर देता येते की संग्रहालय वस्तूचे काम थांबविते आणि सामंतांचे चित्र तिला पुन्हा कामाला लावते. इजिप्तची आकृती तेथे बसोलीच्या आकृतीशेजारी नाचते, झुंजते, क्वचित थट्टाही करते. तरीही आक्षेपाचा काही भाग शिल्लक राहतो. न्यूयॉर्कमधल्या चित्रकाराला जगाच्या सर्व भूतकाळांची पुस्तके आणि संग्रहालये एका शहरात उपलब्ध होतात, ती कोणत्या सत्तेमुळे, हा प्रश्न त्याच्या चित्रातून सुटत नाही. तो चित्रातून सुटावा ही अपेक्षाही कदाचित गैर आहे.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे तंत्र या संदर्भात तुलनेला घेण्याजोगे आहे. गोव्यातील साळगावात १९२४ मध्ये जन्म, १९४५ मध्ये कलाशाळेतून हकालपट्टी, १९४९ मध्ये लंडन, १९६७ मध्ये न्यूयॉर्क असा त्यांचा प्रवास. मासिकांच्या गुळगुळीत छापील पानांवर रासायनिक द्रावण वापरून त्यांनी छापाची शाई विरघळविली आणि त्यावर आपली रेषा काढली. सामंत कापतात आणि कड ठेवतात. सूझा कापीतच नाहीत, ते दुसऱ्याची प्रतिमा वितळवून टाकतात. येथे ऋण मान्य करण्याचा आविर्भाव नाही, उलट धनकोलाच बुडविण्याची उद्धट मजा आहे. आणि तरीही ती चित्रे अनैतिक वाटत नाहीत, कारण ती पाने बलवानांची आहेत: जाहिरातींची आणि सुबत्तेची. कोणाच्या प्रतिमेवर कात्री चालते यावर कात्रीचा नैतिक अर्थ बदलतो. थडग्यातील आकृतीची कड जपावी लागते. जाहिरातीची जपावी लागत नाही.

आतापर्यंतची चर्चा ज्यांना कलावंत म्हटले जाते त्यांच्यापुरती झाली. परंतु स्थलांतराचे सौंदर्यशास्त्र विमानाने गेलेल्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते, हा त्याचा मोठा दोष आहे. दिघीचे उदाहरण घ्यावे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी ज्या रस्त्याने पुण्यात येते त्या रस्त्यावरचे हे गाव. त्याच्या एका अंगाला लष्करी हद्द, संरक्षण संशोधनाची आस्थापना, १९९४ मध्ये सुरू झालेले लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय. दुसऱ्या अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. येथील वस्तीत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर भारतातून आलेली कुटुंबे आहेत. निवृत्त जवानांची घरे आहेत. अशा घरातल्या भिंतीवर गावच्या दैवताची तसबीर, किराणा दुकानाचे कॅलेंडर, पलटणीचा समूहफोटो आणि मुलाचे प्रमाणपत्र शेजारी शेजारी टांगलेले असतात. या भिंतीला कोणी कोलाज म्हणत नाही, आणि तिच्या मालकाला कोणी सांस्कृतिक ऋणाविषयी विचारीत नाही. त्याचे ऋण रोख असते. ते गावाकडे पैसे धाडून, बहिणीच्या लग्नाला उभे राहून, आषाढीला रजा मिळाली तर वारीत चार पावले चालून फेडले जाते.

याच घरांत पुष्कळदा एक गोधडी असते. तिच्यात आजीचे लुगडे, बापाचे धोतर, जुना सदरा असे तुकडे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले असतात. समीक्षेला अशा वेळी ‘हे आमचे देशी कोलाज’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गोधडीतल्या तुकड्याचा मालक माहीत असतो. तो तुकडा फाटून निकामी झाल्यावरच कापला जातो. आणि शिवलेली वस्तू पांघरावयाची असते. कोलाजच्या तुकड्याला बहुधा मालक नसतो आणि कोलाज पाहावयाचे असते. पण या भेदामुळेच गोधडी कोलाजला एक प्रश्न विचारू शकते: ज्याचा तुकडा आहे त्याला तो तुकडा ओळखू येईल काय? ऋणाची ही कसोटी भूमीची नाही आणि संकराचीही नाही. सामंतांच्या चित्रासमोर बसोलीचा एखादा जुना चित्रकार उभा राहिला असता तर त्याला आपली भडक पिवळी-तांबडी सपाट पृष्ठे आणि मोठे डोळे ओळखू आले असते, असे म्हणण्यास जागा आहे. पुढे जाऊन त्याला काही नवे कळलेही असते. इतर स्थलांतरितांच्या ‘भारतीय’ प्रतीकांबाबत हे नेहमीच म्हणता येणार नाही. पिकासोच्या मेणकापडावरचा वेत जसा वेत नव्हता, वेताचा छाप होता, तशी परदेशी भिंतीवरची पुष्कळशी मायभूमी कारखान्यात छापलेली असते. आणि इमानाचे प्रमाणपत्र सर्वांत आधी तिलाच मिळते.

परत येणे ही ऋणफेड मानावी काय, हाही प्रश्न उरतो. प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या १९४७ च्या सहा संस्थापकांपैकी सदानंद बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेले आणि १९७५ मध्ये परतले. ते मुंबईच्या कलावर्तुळात राहिले नाहीत. कोकणात मुरुड-हर्णे येथे त्यांनी उरलेले आयुष्य काढले आणि २००७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. भूमीवर राहण्याचा निकष खरा असता तर त्यांचे स्थान सामंतांहून बरेच भक्कम व्हावयास हवे होते. तसे झाले नाही; परतलेले बाकरे आणि न परतलेले सामंत दोघेही सारखेच तळटिपेत राहिले. उलट पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना उतारवयात देश सोडणे भाग पडले, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि २०११ मध्ये ते लंडनमध्ये वारले. पण त्यांना इतिहासातून वगळण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. तेव्हा ‘जो गेला तो आपला राहिला नाही’ हे वाक्य प्रत्यक्षात निकष म्हणून कधी वापरलेच गेले नाही. विस्मरण आधी झाले, निकष मागाहून जोडला गेला.

ऋणाचा विचार यामुळे उलट दिशेनेही करावा लागतो. गेलेल्यावर मागे राहिलेल्यांचे ऋण असेल, तर मागे राहिलेल्यांवरही गेलेल्याचे काही असते, आणि ऋषिऋण अध्ययनानेच फिटते हा नियम समीक्षकालाही लागू आहे. सामंतांवर २०१३ मध्ये रणजित होस्कोटे आदींच्या लेखनासह एक मोठा ग्रंथ निघाला. तो इंग्रजीत आहे. त्यातील चित्रांविषयी मराठीत बोलावयाचे झाल्यास द. ग. गोडसे यांनी १९६३ मध्ये कलाविचारात आणलेल्या ‘पोत’ या शब्दापासून सुरुवात करता येईल, कारण वाळू, तार आणि कापलेला कागद एका पृष्ठावर एकत्र येतात तेव्हा जे घडते त्यासाठी मराठीजवळ सध्या तरी दुसरा नेमका शब्द नाही.